फराळाची विक्री कोजागरीआधीच
दिवाळीच्या फराळाची विक्री वसुबारसेच्या बरीच आधी ठरते. परदेशातल्या मुलांना पाठवायचे डबे पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे घरगुती व्यावसायिकांनी दरपत्रक नवरात्रातच व्हॉट्सॲपवर पाठवावे आणि आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डर नोंदवावी. भाजणी, तूप, बेसन किती लागेल याचा अंदाज त्यातूनच येतो. खरी जाहिरात मात्र चवीची. सोसायटीच्या कोजागरीला वाटलेल्या चकल्या छापील पत्रकापेक्षा जास्त गिऱ्हाईक आणतात. सवलतीपेक्षा पाव किलोची पाकिटे उपयोगी, कारण लहान कुटुंबांना सगळेच पदार्थ थोडे थोडे हवे असतात. पाकिटावर घटक, बनवल्याची तारीख आणि एफएसएसएआय नोंदणी क्रमांक हवाच. भाऊबीजेनंतरही तुळशीच्या लग्नापर्यंत पाहुणे येत राहतात. चिवडा आणि शेव तेव्हाही खपतात.