पराभवावर सही कुणाची?

पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरं अजून दिसतात. त्यातून आपल्याकडेही एक समज मुरलाय: पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य रणांगणात हरलंच नव्हतं, घरच्या पुढाऱ्यांनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला. ही कथा जोमाने पसरवणाऱ्यांत म्युनिकमध्ये येऊन राहिलेला एक सेनानी होता, जनरल एरिश लुडेनडॉर्फ. खरं काय घडलं हे त्याच्याइतकं नीट फारच थोड्यांना ठाऊक होतं.

२१ मार्च १९१८ ला त्याने पश्चिम आघाडीवर सगळं पणाला लावून चढाई केली. जुलैपर्यंत तिचा दम संपला. ८ ऑगस्टला आमियाँजवळ हजारो जर्मन सैनिक शरण गेले. त्या दिवसाला ‘जर्मन सैन्याचा काळा दिवस’ हे नाव पुढे त्यानेच दिलं. २९ सप्टेंबरला बेल्जियममधल्या स्पा इथल्या मुख्यालयात त्याने आणि सरसेनापती हिंडेनबुर्गने कैसरला सांगितलं की शस्त्रसंधी ताबडतोब मागायला हवी. जर्मनीतली क्रांती तेव्हा महिनाभर लांब होती. म्हणजे खंजिराच्या आधीच जखमी माणसाने वैद्य बोलावला होता! शिवाय ही नामुष्की संसदेतल्या पक्षांच्या पदरात पडावी, अशी त्याचीच इच्छा होती. तसंच झालं. २६ ऑक्टोबरला त्याला पायउतार व्हावं लागलं, मग वेषांतर करून तो स्वीडनला निसटला. ११ नोव्हेंबरला काँपियेन्यच्या रेल्वेच्या डब्यात शस्त्रसंधीवर सही केली ती माटियास एर्झबेर्गर या मुलकी पुढाऱ्याने. १९२१ च्या ऑगस्टमध्ये अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी एर्झबेर्गरला गोळ्या घालून मारलं.

इथे मला सायगावचा जनरल डुओंग वान मिन्ह आठवतो. तोही धुतल्या तांदळासारखा नव्हता. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष डिएमला उलथवणाऱ्या सेनानींचा तो म्होरक्या, आणि त्या बंडात डिएम मारला गेला. पण ३० एप्रिल १९७५ ला, अध्यक्षपदाच्या जेमतेम तिसऱ्या दिवशी, दक्षिण व्हिएतनामची शरणागती त्याने रेडिओवर स्वतःच्या आवाजात जाहीर केली. हरणं आणि हरलो म्हणणं यांत किती अंतर असतं, ते या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या की दिसतं.

दुसरा गैरसमज किरकोळ. अनेक जण लुडेनडॉर्फला ‘फॉन लुडेनडॉर्फ’ म्हणतात. तो सरदार घराण्यातला नव्हता, ‘फॉन’ त्याच्या नावात कधीच नव्हतं.

तिसरा मात्र चिवट आहे: तो शेवटपर्यंत हिटलरचा माणूस होता. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअरच्या सभागृहात, सरकार उलथवण्याच्या बंडात, तो हिटलरसोबत होता, हे खरं. दुसऱ्या दिवशी ओडेऑन्सप्लाट्झकडे निघालेल्या मोर्चातही तो पुढे होता. तिथल्या गोळीबारात चार पोलीस आणि डझनभराहून अधिक बंडखोर मेले. १ एप्रिल १९२४ ला हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली. लुडेनडॉर्फ निर्दोष सुटला. सेनापतीच्या पुण्याईपुढे न्यायाधीश नरमले, असंच म्हणावं लागतं. पण १९२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याला जेमतेम १.१ टक्के मतं पडली. त्यानंतर हिटलरशी दुरावा वाढत गेला. तो सज्जनपणापायी नव्हे. त्याचा ज्यूद्वेष तसूभरही कमी झाला नव्हता, उलट पत्नी माटिल्डेसोबत तो ख्रिस्ती चर्च आणि फ्रीमेसन यांच्यावरही आग पाखडत राहिला.

या दुराव्यातूनच एक लाडकी आख्यायिका जन्मली: जानेवारी १९३३ मध्ये त्याने म्हणे तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या हिंडेनबुर्गला लिहिलं की हिटलर देशाला खाईत लोटेल. असं पत्र सापडलेलं नाही. ही गोष्ट पसरली ती नाझी वकील हान्स फ्रांकच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आठवणींमधून, आणि अभ्यासक ती विश्वासार्ह मानत नाहीत.

२० डिसेंबर १९३७ ला तो म्युनिकमध्ये वारला. १९२३ चा गोळीबार झाला त्याच ओडेऑन्सप्लाट्झवर, फेल्डहेर्नहाले या स्मारकासमोर, हिटलरने त्याला सरकारी इतमामात निरोप दिला. आज त्या चौकात पाटी आहे ती गोळीबारात मेलेल्या चार पोलिसांच्या नावांची.