कयाकसाठी पाणी निवडताना : मुक्ताईनगर आणि हतनूरचा फुगवटा

कयाक ही एकदोन माणसांची निरुंद, हलकी होडी. दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालते आणि वीतभर पाण्यातही तरंगते. त्यामुळे तिच्यासाठी जागा निवडताना पाणी किती खोल आहे यापेक्षा काठ कसा आहे, वारा किती मोकळा सुटतो आणि प्रवाह कुठून येतो, हे आधी पाहावे लागते. देखावा त्यानंतर.

मुक्ताईनगर तालुक्याजवळचे सर्वांत मोठे पाणी म्हणजे हतनूर धरणाचा फुगवटा. तापीवरचे हे धरण भुसावळ तालुक्यात आहे. चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते आणि धरणाचे पाणी या संगमापर्यंत थोपते. काठावर चांगदेवाचे प्राचीन दगडी मंदिर आहे, तर जवळच मेहूणचे मुक्ताई मंदिर. धरणाच्या भिंतीकडचा भाग रुंद आणि उघडा असल्याने तिथे वाऱ्याला लांब पल्ला मिळतो व लाटा उठतात. शिवाय भिंत आणि दरवाजे यांच्या आसपास होडी नेणे कधीही धोक्याचेच. नवख्यांसाठी संगमाच्या वरचा, त्यातही पूर्णेकडचा अरुंद भाग अधिक बरा.

मात्र पूर्णा वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून येते आणि येताना भरपूर गाळ आणते. पाणी ओसरले की काठावरचा गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात आणि जमीन घट्ट वाटू लागते. पाय ठेवला की तो गुडघ्यापर्यंत आत जातो. म्हणून पायऱ्या, खडक किंवा वाळू असेल तिथूनच होडी उतरवावी आणि परतीचा काठही आधी पाहून ठेवावा. मासेमारीची जाळी कुठे लावली आहेत हे स्थानिक मच्छीमारांना विचारावे. त्यांच्याइतकी या पाण्याची माहिती दुसऱ्या कोणाला नसते.

हंगामाचा निर्णय धरणाचे ४१ दरवाजे करतात. पावसाळ्यात पूर आला की ते उघडले जातात, पाणी ओढ घेते आणि वाहून आलेली झाडेझुडपे मध्येच आडवी येतात. त्या दिवसांत कयाकचा विचारच नको. खानदेशचा उन्हाळाही सोसवणारा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे निघावे आणि ऊन चढायच्या आत परतावे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवले, तर दमल्यावर परतीला वारा मदतीला येतो. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. तेव्हा संगम भाविकांसाठी मोकळा ठेवणेच योग्य.

याच थंडीत पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक असे पाहुणे पक्षी हतनूरवर उतरतात. कयाक आवाज न करता जवळ जाते, म्हणून तिच्यामुळे थवा अचानक बिथरून उठू शकतो. लांबच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांना पुनःपुन्हा उडवणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. थवा दिसताच वल्हे थांबवून दुरून वळसा घ्यावा. पक्षी दाट असलेला भाग कितीही सुंदर असला तरी निवडू नये.

हतनूरखेरीज पाहिले, तर हरताळ्याचा तलाव आटोपशीर आहे. पण तिथेही पक्षी असतात, त्यामुळे हेच पथ्य लागू. रावेर तालुक्यातले सुकी नदीवरचे गारबर्डी धरण सातपुड्याच्या कुशीत असल्याने देखावा तिथे अधिक खुलतो. कुठल्याही जलाशयात उतरण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी आणि अंगावर लाइफ जॅकेट हवे. ज्यांनी वल्हे कधी हातात धरलेले नाही, त्यांनी बऱ्हाणपूर-खांडव्याच्या वाटेने मध्य प्रदेशात इंदिरा सागर जलाशयावरच्या हनुवंतिया पर्यटन केंद्रासारख्या ठिकाणी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. होडी उलटल्यावर तिच्यात पुन्हा चढता येऊ लागले, की मग हतनूरकडे वळावे.