स्कॅनर मुका झाला तेव्हा



भोकरदन तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहात भिल्ल मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आपण दिलेल्या संगणकावरच भरतो. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी स्कॅनर मुका झाला. जातीचे दाखले चढवायचे राहिलेले. नव्या स्कॅनरसाठी आपल्याला पत्र लिहायलाही मी बसलो होतो!

आधी केबल काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावली. (घाईत नेमके हेच विसरते.) फरक नाही. मग विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडले. स्कॅनरच्या नावावर पिवळा त्रिकोण, आत ‘कोड 28’. म्हणजे ड्रायव्हरच नाही. विंडोज नव्याने टाकताना मीच विसरलो होतो. कोड 43 असता, तर यंत्रातच बिघाडाची शंका घ्यावी लागली असती. ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवला. साडेनऊला शेवटचा दाखला चढला.