नव्वद नंबर एवढंच पुरत नाही

वडोदऱ्याला जुन्या यंत्रांचं कौतुक नवं नाही. फतेगंजला लष्कराच्या ईएमई कोअरची, म्हणजे वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागाची, शाळा आहे. तिच्या आवारातलं दक्षिणामूर्ती मंदिर १९६६ साली ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेल्या घुमटाखाली उभं राहिलं. देवसुद्धा इथे कारखान्याच्या वळणाने नांदतो. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ पासून चालू आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यावर देशभरातल्या जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. अशा मेळ्यांत डोळे दिपतात ते रोल्स-रॉइस पाहून, पण निगा राखायला सगळ्यात अवघड असतात लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्या: दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेला शक्तिमान ट्रक, निस्सानच्या आराखड्यावर तिथेच तयार झालेली जोंगा. लिलावातून घेतलेली अशी गाडी हौशी माणूस रंगवतो, गादी शिवून घेतो, कॅनव्हास बदलतो. गिअरबॉक्सची वेळ आली की मात्र दुकानात जाऊन "नव्वद नंबर द्या, भारीतलं" एवढंच सांगतो. घोटाळा त्या 'भारीतलं' शब्दात आहे. गिअर ऑइलच्या डब्यावरचा मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा, ही समजूत जुन्या लष्करी गिअरबॉक्सच्या बाबतीत खोटी आहे, आणि ती महागात पडू शकते.

आधी त्या नव्वदचं पाहू. हा आकडा फक्त तेलाचा घट्टपणा सांगतो. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि गिअर ऑइलची वेगळी असल्यामुळे ९० वाचून माणूस ते ४० नंबरच्या इंजिन ऑइलच्या दुपटीहून दाट समजतो. प्रत्यक्षात १०० अंश सेल्सिअसला गिअरच्या ९० नंबरचा घट्टपणा इंजिनच्या ४० आणि ५० नंबरांच्या आसपासच पडतो. डब्यावर ८०डब्ल्यू-९० असेल, तर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो, आणि ८०डब्ल्यूची ती परीक्षा उणे २६ अंशांना होते. लेहला जाणाऱ्या ट्रकसाठी हे महत्त्वाचं आहे; वडोदऱ्याच्या मे महिन्यात त्याची चिंता करायचं कारण नाही. इथे साधं ९० आणि ८०डब्ल्यू-९० यांतलं कोणतंही चालतं. खरा प्रश्न त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेला असतो: जीएल-४ की जीएल-५?

जीएल ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची वर्गवारी. तिच्यामागे हायपॉइड गिअरचा इतिहास आहे. १९२०च्या दशकात मागच्या धुरीत असे क्राऊन-पिनियन येऊ लागले, ज्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो. गाडीचा तळ त्यामुळे खाली आणता आला, पण दाते एकमेकांवर नुसते न फिरता जोराने घासत सरकू लागले. साधं खनिज तेल त्या दाबाखाली पिळून बाहेर फेकलं जातं. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळू लागले. दात तापला की ती पोलादाशी संयोग पावतात आणि एक पातळ थर तयार होतो. झिजतो तो थर, दात वाचतो. जीएल-५ मध्ये या संयुगांचं प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. हायपॉइड धुरीला हे वरदानच आहे. पण जुन्या गिअरबॉक्समध्ये सगळं पोलाद नसतं. विलीजच्या तीन गिअरच्या पेटीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणारी रचना, आहे, आणि त्या काळच्या सिंक्रोच्या रिंगा, बुश, थ्रस्ट वॉशर पितळेचे किंवा ब्राँझचे असत. क्रियाशील गंधक पितळ-ब्राँझमधल्या तांब्यालाही सोडत नाही. तापलेल्या तेलात तांबं काळवंडतं आणि हळूहळू खाल्लं जातं. प्रयोगशाळेत हेच मोजायला घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी १२१ अंशांच्या तेलात तीन तास ठेवतात आणि तिच्या डागाला १ ते ४ असा क्रमांक देतात. १ म्हणजे जेमतेम डाग, ४ म्हणजे गंज. जीएल-५ च्या नियमाला ३ पर्यंतचा डाग चालतो. हायपॉइड धुरीत तांब्याचं काम फारसं नसल्यामुळे त्या नियमात काही चूक नाही. तो गिअरबॉक्ससाठी लिहिलेलाच नव्हता.

यावर जाणकार म्हणतील की ही भीती जुनी झाली. आजच्या चांगल्या जीएल-५ तेलांतलं गंधक बरंच निवळलेलं असतं आणि त्यांत तांब्याचं रक्षण करणारी द्रव्यंही असतात. हे खरं आहे, आणि जीएल-५ म्हणजे पितळेचं विष असं सरसकट सांगणारे मेकॅनिक अतिशयोक्ती करतात. पण सिंक्रोचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. सिंक्रोची रिंग काम करते ती घर्षणाने: शंकूवर घासून ती दोन गिअरांचा वेग जुळवून आणते. तिथलं तेल फार गुळगुळीत झालं की रिंग निसटते आणि गिअर करकरत पडतो. मालक क्लचला दोष देतो, मेकॅनिक क्लच उतरवतो. जीएल-५ मध्ये जीएल-४ ची ताकद असतेच, हा दुकानदाराचा युक्तिवाद दात वाचवण्यापुरता बरोबर आहे. सिंक्रोला लागणारं घर्षण त्या हिशेबात धरलेलंच नसतं. उलट ज्या जुन्या ट्रकांच्या पेटीत सिंक्रो नाहीच, डबल क्लच मारूनच गिअर बदलावा लागतो, आणि पितळेचे भागही नाहीत, तिथे चांगल्या जीएल-५ ने काही बिघडू नये. म्हणून आधी पेटीत काय आहे ते पाहायचं आणि मग तेल निवडायचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खुद्द सैन्यच तर सगळीकडे एकच तेल घालतं! अमेरिकी लष्कराचं १९४६ सालचं गिअर ऑइलचं प्रमाण आजच्या जीएल-४ च्या तोडीचं होतं. १९६२ च्या सुधारणेत ते जीएल-५ च्या पातळीवर गेलं, आणि पुढे एकाच तेलाने धुरी आणि सिंक्रो नसलेला गिअरबॉक्स दोन्ही सांभाळावेत असं ठरलं. पण सैन्याचा हिशेब रसदीचा असतो. आघाडीवर चार प्रकारचे डबे पोचवण्यापेक्षा एक पोचवणं शहाणपणाचं, आणि त्यापायी रिंग लवकर झिजली तर बेस वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची पेटी असते. वडोदऱ्यातल्या हौशी मालकाकडे गाडी एकच, आणि तिची रिंग भंगारबाजारात महिनोन्महिने शोधावी लागते. त्याने सैन्याची बचत का उचलावी? शिवाय १९६२ च्या आधीच्या गाड्यांच्या मूळ पुस्तिका ज्या तेलासाठी लिहिल्या गेल्या, ते तेल आजच्या जीएल-५ पेक्षा सौम्य होतं.

यातून एक गैरसोय येते आणि ती पत्करावी लागते: एकाच गाडीला दोन तेलं. विलीजच्या धुऱ्या हायपॉइड आहेत, त्यांना जीएल-५ द्यावं, गिअरबॉक्सला जीएल-४. धुरीत जीएल-४ घालून काटकसर करणंही टाळावं, कारण तिथे दातांची झीज वाढू शकते. गळती थांबावी किंवा आवाज दबावा म्हणून गिअरबॉक्समध्ये १४० नंबर ओतायची पद्धतही सोडून द्यावी. दाट तेल अरुंद बुशांत नीट शिरत नाही, घुसळून जास्त तापतं, आणि गिअर जड पडतो. सीलमधून तेल गळत असेल तर सील बदलावं. गाडी विकण्याआधी पेटीत लाकडाचा भुसा घालून खडखड लपवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. १४० नंबर हा तिचाच सभ्य चुलतभाऊ.

गाडी नुकतीच घेतली असेल तर आधी ती थोडी चालवून तेल गरम करा आणि ड्रेन प्लग काढून जुनं तेल पांढऱ्या ताटलीत घ्या. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादाचा. सोनेरी झाक दिसली आणि ती चुंबकाला दाद देत नसेल, तर पितळ झिजतंय. मग गाडीची मूळ पुस्तिका मिळवा आणि त्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि धुरी यांसाठी वेगवेगळं काय लिहिलंय ते वाचा. दुकानात डब्यावरच्या चित्राकडे लक्ष न देता जीएलचा आकडा पाहा आणि कंपनीच्या तांत्रिक पत्रकात तांब्याच्या पट्टीचा निकाल शोधा. पितळ असलेल्या पेटीसाठी तो १ असावा. पत्रकात निकालच दिला नसेल तर तो डबा घेऊ नका. दोन तेलांच्या खर्चाची भीती नको: विलीजच्या गिअरबॉक्सला तेल लागतं एक लिटरहून कमी.