अरबी घोड्याचे घराणे आणि रक्त

अरबी घोड्याचे घराणे आईकडून चालते. बेदुइन टोळ्या त्याला ‘रसन’ म्हणत. शिंगरू नर असो वा मादी, आईचे घराणे तेच त्याचे. बाप कितीही नामांकित असला तरी त्याचे घराणे शिंगराला लागत नाही. आपल्याकडे गोत्र बापाकडून येते, तितक्याच कठोर नियमाने इथे नाव आईकडून येते. ब्लडलाइन ही वेगळी गोष्ट आहे. वंशावळीतले सगळे पूर्वज कोणत्या देशातल्या, कोणत्या पागेतल्या पैदाशीतून आले आणि कोणाचा वाटा किती, हा हिशेब म्हणजे ब्लडलाइन. या दोहोंची गल्लत झाली की घोड्याची पारख चुकते.

परंपरेने पाच घराणी मुख्य मानतात: कुहैलान, सक्लावी, उबैयान, हमदानी आणि हदबान. त्यांचे एकत्रित नाव ‘अल खम्सा’. ही पाचही पैगंबरांच्या पाच घोड्यांपासून निघाली, अशी कथा सर्वत्र सांगतात. ती श्रद्धेची गोष्ट. प्रत्यक्षात याद्या टोळीगणिक बदलतात, आणि दहमान व मुअनिकी ही नावेही काही याद्यांत मानाने येतात. जाणकाराचे लक्ष नावाच्या पुढच्या भागाकडे असते. ‘सक्लावी जिद्रानी इब्न सुदान’ म्हणजे सक्लावी घराणे, त्याची जिद्रानी शाखा आणि रुवाला टोळीतल्या इब्न सुदान कुटुंबाकडची पैदास. नुसते ‘सक्लावी’ म्हटल्याने फारसे काही कळत नाही. कोणाच्या तंबूपाशी ही घोडी पिढ्यानपिढ्या वाढली, ते शाखेचे नाव सांगते.

आईलाच एवढे महत्त्व का, याचे उत्तर वाळवंटातल्या व्यवहारात आहे. छाप्यासाठी बेदुइन घोडीच पसंत करीत. उत्तम घोडी अनेकदा सामाईक मालकीची असे, आणि विकली तरी तिची पुढची मादी शिंगरे मूळ मालकाला द्यायची, असा करार होई. नर मात्र मोजकेच ठेवत, बाकीचे विकून टाकत. एकोणिसाव्या शतकात बसरा, कुवेत या बंदरांतून जहाजांनी मुंबईला येणाऱ्या अरबी घोड्यांत म्हणूनच नरांचा भरणा असे. मुंबईच्या बाजारात घोडदळ, शर्यत आणि पोलोसाठी त्यांना मोठी मागणी होती, पण घोडी टोळीकडेच राहिल्याने घराणेही टोळीकडेच राही.

घराण्याइतकाच दुसरा कडक शब्द ‘असील’. असील म्हणजे ज्याच्या आई-बापाकडच्या एकाही पूर्वजाबद्दल शंका नाही असा घोडा. घोडी फळवताना नर त्याच घराण्याचा हवा, अशी सक्ती नव्हती. तो असील मात्र हवाच. विक्रीच्या वेळी ‘हुज्जा’ नावाचा लेखी दाखला देत, त्यावर साक्षीदारांच्या मोहरा असत. इजिप्तचा अब्बास पाशा (कारकीर्द १८४८ ते १८५४) याने माणसे पाठवून टोळ्यांकडून अशा साक्षी गोळा करविल्या. आजही अभ्यासक त्यांचे हस्तलिखित हाताशी ठेवतात.

आता गणित पाहू. पाच पिढ्या मागे गेले की एका घोड्याला त्या पिढीतले ३२ पूर्वज असतात. आईच्या आईच्या आईची वाट धरून जिच्यापर्यंत पोहोचतो ती त्यांतली एक, म्हणजे तिचा वाटा सरासरी सुमारे ३ टक्के. दहाव्या पिढीत ती १०२४ मधली एक. नाव मात्र अखेरपर्यंत तिचेच चालते.

नझीर या घोड्याचे उदाहरण इथे फार बोलके आहे. १९३४ मध्ये इजिप्तच्या शाही कृषी संस्थेच्या पागेत जन्मलेला नझीर मन्सूरचा मुलगा, आई बिन्त समीहा, घराणे हदबान एन्झाही. त्याचा मुलगा गझल हा दहमान शाहवान, कारण आई बुक्रा त्या घराण्याची. दुसरा मुलगा मोराफिक सक्लावी जिद्रानी, कारण आई मब्रूका त्या घराण्याची. तिसरा १९५५ मध्ये जर्मनीत मारबाखच्या पागेत गेला. त्याचे नावच हदबान एन्झाही ठेवले होते, आणि तो खरोखर त्याच घराण्याचा होता, पण नझीरमुळे नव्हे. त्याची आई कमला, तिची आई समहा आणि समहाची आई पुन्हा बिन्त समीहाच. एकाच बापाच्या तीन मुलांची तीन घराणी. रक्ताने मात्र ते तिघे सावत्र भाऊ.

हे समोर असताना घराण्यावरून घोड्याचा बांधा ओळखता येतो, हा दावा टिकणे अवघड आहे. विसाव्या शतकात अरबी घोड्यांचा अभ्यासक कार्ल रास्वान याने तो हिरिरीने मांडला: कुहैलान भरदार आणि ताकदीचे, सक्लावी नाजूक व देखणे, मुअनिकी लांबट आणि वेगवान. एकाच टोळीने मोजक्या घोड्यांतच पैदास ठेवली तर घराण्याला ठरावीक रूप येऊ शकते. पण ते रूप त्या बंदिस्त पैदाशीतून येते, नावातून नव्हे.

ब्लडलाइनची आजची नावे देशांवरून पडली आहेत. इंग्लंडमधली क्रॅबेट पागा १८७८ मध्ये लेडी अ‍ॅन ब्लंट आणि विल्फ्रिड ब्लंट यांनी उभारली. अब्बास पाशाच्या घोड्यांचा वारसा इजिप्तमधल्या अली पाशा शरीफकडे आला होता, त्याच्याकडून त्यांनी मसऊदसारखे घोडे घेतले. पोलंडमध्ये पैदासकार युलियुश झेदुशित्स्की याने १८४५ मध्ये गझेला, म्लेखा आणि सहारा या तीन घोड्या आणल्या, आणि तिथले पैदासकार अजून या घोड्यांच्या नावांनी कुळे मोजतात. इतक्या काळजीने जपलेली ही परंपरा खरोखर आदरास पात्र आहे. पण देशांवरून पाडलेल्या या सीमा वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. पोलिश पैदाशीचा स्कोव्रोनेक १९२० मध्ये क्रॅबेटला आला. त्याच वर्षी क्रॅबेटचा कझमीन इजिप्तला गेला आणि बिन्त समीहाचा बाप झाला. ज्याला आज निखळ इजिप्शियन रक्त म्हणतात, त्यातल्या नझीरचा आजोबा असा इंग्लंडहून आलेला आहे.

आवडते रक्त घट्ट करण्यासाठी पैदासकार एकच पूर्वज दोन्ही बाजूंनी आणतात. मारबाखच्या हदबान एन्झाहीत बिन्त समीहा बापाची आई आहे आणि आईची आजीही. केवळ तिच्यामुळे त्याचा अंतःप्रजनन गुणांक ६.२५ टक्के होतो. गुण पक्के होतात तसे दोषही. अरबी घोड्यांत शिंगराची प्रतिकारशक्तीच नसण्याचा जीवघेणा आनुवंशिक आजार आढळतो. आई आणि बाप दोघेही त्याचे वाहक असतील, तर प्रत्येक शिंगराला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक वरून ठणठणीत दिसतो, वंशावळीच्या कागदावरही काही कळत नाही. १९९७ पासून त्यासाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे, आणि वाहकाची जोडी नेहमी चाचणीत निर्दोष ठरलेल्याशी जमवली की आजारी शिंगरू जन्मत नाही.

आईकडूनच येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएने घराण्याच्या नोंदीही पडताळता येतात. एकाच घराण्याचे नाव लावणाऱ्या घोड्यांत वेगवेगळे मातृवंश निघाले आहेत, म्हणजे ती सगळी एका घोडीची संतती नाही. म्हणून वंशावळ वाचताना आधी आईच्या ओळीने शाखेपर्यंत आणि शेवटच्या ज्ञात घोडीपर्यंत जावे, तिची नोंद तपासावी, आणि मग उरलेल्या सर्व पूर्वजांचा वाटा मोजावा.