उपकरणांची दारे

बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील काही संशोधकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंत्यांनी मिळून ‘सिंप्युटर’ नावाचा हातात मावणारा संगणक घडवला. त्याचा नमुना २००१ साली लोकांसमोर आला. ज्यांना स्वतःचा संगणक परवडत नाही, अशा अनेकांना एकच यंत्र आळीपाळीने वापरता यावे, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र स्मार्ट कार्डाची सोय होती. परंतु यंत्र अनेकांचे झाले, की एकाची माहिती दुसऱ्यापासून सुरक्षित कशी ठेवावी, हा प्रश्न उभा राहतो.

सिंप्युटर ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीवर चालत असे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीची सुरुवात झाली. तिचीच एक रीत लिनक्सने स्वीकारली. या रीतीनुसार कळफलक, हार्ड डिस्क यांसारखी उपकरणेदेखील फाइलींच्या रूपात दिसतात. या विशेष फाइली ‘डेव्ह’ नावाच्या कप्प्यात असतात. त्यांत मजकूर साठवलेला नसतो. त्या उपकरणाकडे नेणारी दारे असतात. त्यांतील ‘नल’ या फाइलीत जे टाकावे ते नाहीसे होते.

सोयीच्या या रीतीत धोकाही आहे. साधी फाइल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, हे कार्यप्रणाली तपासून पाहते. मात्र हार्ड डिस्कची विशेष फाइल ज्याच्या हाती लागते, त्याला त्या डिस्कवरील सर्वांचा मजकूर थेट वाचता येतो. वाड्यातील प्रत्येक खोलीला कुलूप असावे आणि चोराने छपराची कौले काढून आत उतरावे, तसाच हा प्रकार होय.

म्हणूनच अशी फाइल निर्माण करण्याचा अधिकार सामान्यतः केवळ मुख्य व्यवस्थापकाला असतो. तरीही एक पळवाट उरते. एखादा मनुष्य स्वतःच्या संगणकावर, जेथे तोच व्यवस्थापक असतो, अशी फाइल पेन ड्राइव्हवर तयार करून ती दुसरीकडे नेऊ शकतो. यावर उपाय म्हणून, बाहेरून जोडलेल्या साधनावरील विशेष फाइलींना उपकरण मानू नये, अशी आज्ञा कार्यप्रणालीला देता येते. तिला ‘नोडेव्ह’ म्हणतात.

ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, हे सुरक्षिततेचे मूळ सूत्र आहे. खोल्यांना कुलपे लावताना छपराकडेही लक्ष हवे.