आंदर मावळातील हंगामी वनसंशोधन आणि विद्यार्थी

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे येथून टाकवे बुद्रुकमार्गे आंदर मावळात शिरता येते आणि भातखाचरे, जंगलाचे तुकडे व देवराया यांचा शेजार लाभल्यामुळे हा पट्टा परिसंस्थाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी फार मोलाचा आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले आणि कुऱ्हाडीपासून वाचलेले वन. पश्चिम घाटातील अशा वनांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केलेले काम आजही पायाभूत मानले जाते.

संशोधन प्रकल्पांत विद्यार्थ्यांना 'प्रकल्प साहाय्यक' म्हणून काही महिन्यांपुरते, सहसा मानधनावर घेतले जाते आणि कामाचे स्वरूप ऋतूच ठरवतो. पावसाळ्यात ठरावीक मापाचा चौकोन, म्हणजे क्वाड्रॅट, आखून त्यातील प्रत्येक रोपाची नोंद होते. हिवाळ्यात ट्रान्सेक्टवर, म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवर चालत, पक्षी मोजले जातात. उन्हाळ्यात झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर, मोजतात. फुलोरा, फळधारणा आणि पानगळ यांच्या तारखा टिपणारे ऋतुचक्रशास्त्र मात्र वर्षभर चिकाटी मागते आणि हवामानबदल समजून घेण्यासाठी तेच सर्वांत आवश्यक आहे.

राखीव वनात अभ्यासासाठी वनविभागाची पूर्वपरवानगी लागते. वाटाड्या म्हणून सोबत येणाऱ्या ग्रामस्थांचे ज्ञान हाही अभ्यासाचाच भाग असल्याने त्यांना योग्य मोबदला आणि अहवालात श्रेय मिळालेच पाहिजे. इच्छुक विद्यार्थ्यांनी हंगामापूर्वीच आपल्या विभागातील प्राध्यापकांकडे चौकशी करावी.